एकाच कानातला डूल

भैरववाडी महिला कारागृहात शिव्या अर्ध्यावर विझायला लागून आता वर्ष होत आलं होतं.

म्हणजे व्हायचं असं. नळावर कुणीतरी कुणाची तरी बादली पायाने सरकवायची. बादलीवाली कंबरेवर हात ठेवून श्वास भरून घ्यायची, समोरच्या बाईच्या खानदानाचा उद्धार सुरू करायची, आणि आज्जीपर्यंत पोचते न पोचते तोच तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी निथळून जायचं. "तुझ्या आज्जीला..." एवढ्यावर ती थांबायची. आज्जीला काय, ते तिला आठवत असायचं, पण त्यात राम वाटेनासा व्हायचा. "असू दे," ती म्हणायची आणि आपली बादली घेऊन रांगेच्या शेपटाला जाऊन उभी राहायची. तुरुंगाधिकारी नलावडे मॅडमनी आख्खी नोकरी तुरुंगांत काढली होती. 'असू दे' हे शब्द बराकीत त्यांनी आत्ता पहिल्यांदा ऐकले.

याचं श्रेय डाव्या कानातल्या डुलाला होतं.

सरकारी कागदांत त्याचं नाव 'शमन संच'. बायकांनी पहिल्याच दिवशी त्याचा डूल केला. आत येताना मंगळसूत्रापासून जोडव्यापर्यंत सगळं फाटकावर उतरवून घेतात, त्यामुळे सरकारने आपण होऊन कानात काहीतरी घातलं याचं सुरुवातीला अप्रूपच वाटलं होतं. "पण एकाच कानात का?" रुक्साना आपांनी विचारलं होतं. आपा म्हणजे जुनी जन्मठेप. शिक्षा भोगता भोगता बराकीची देखरेख करायचं काम त्यांच्याकडे आलं होतं. "दुसरा काय, निवडणुकीच्या वेळी देणार?"

एकच पुरे होता, त्याला कारण आहे. मेंदूच्या बुंध्यातून एक लांबलचक मज्जातंतू निघतो. वेगस त्याचं नाव. लॅटिनमध्ये अर्थ होतो भटक्या. तो गळ्यातून खाली उतरतो, हृदयाशी टेकतो, फुप्फुसांची विचारपूस करतो, पार आतड्यांपर्यंत जाऊन येतो. गावभर हिंडणाऱ्या माणसाकडे जशी घराघराची खबर असते तशी त्याच्याकडे असते, आणि घरं त्याचं ऐकतातही. तो 'दमानं' म्हणाला की हृदय दमानं घेतं. या भटक्याची एक फांदी कातडीच्या अगदी जवळ येते, ती कानाच्या भोकाबाहेरच्या खळग्यात. तिथे मुंगी चालावी इतपत वीज सोडली की नाडी उतरते, श्वास लांबतो, पोटातला पीळ सुटतो. आणि शरीर शांत झालं की मनाची मोठी पंचाईत होते. दुःख करायला त्याला धडधडणारी छाती लागते, दाटलेला घसा लागतो. सामानच नसेल तर स्वयंपाक कशाचा करणार?

डूल घाम, नाडी आणि आवाजातला कंप मोजायचा. माणूस तुटायच्या बेताला आला की वीज सोडायचा. एवढं तर जुन्या यंत्रांनाही जमत होतं. नवं होतं ते हे, की डूल शिकायचा. ही बाई कशाने तुटते, कुठल्या नावाने, कुठल्या गाण्याने, हे त्याला हळूहळू कळायचं, आणि मग तो तुटायची वाट बघायचा नाही. नाव कानावर पडलं की आधीच पाट मांडून तयार.

वर्षभरात भैरववाडीत एकाही बाईने जीव दिला नव्हता. कारागृहाला ढाल मिळाली होती. ती नलावडे मॅडमच्या टेबलावर होती आणि तिच्यामागे त्या डबा लपवायच्या.

"इंटर्नशिप म्हणजे नक्की काय करणार तू?" त्यांनी रेवाला पहिल्या दिवशी विचारलं.

रेवा टिळेकर मानसशास्त्राच्या एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. फाटकावर तिच्याही कानातले काढून घेतले होते आणि ती सारखी मोकळ्या पाळीला हात लावत होती. "कैद्यांशी बोलायचं, मॅडम. समुपदेशन."

"बोलायला कशाला माणूस लागतं? सगळ्या शांत आहेत."

"शांत आहेत, पण बऱ्या आहेत का ते बघायचं."

नलावडे मॅडमना हा फरक नवीन होता आणि खात्याच्या कुठल्याही परिपत्रकात तो नव्हता. "बघ बाळ," त्या म्हणाल्या. "बऱ्या नसल्या तर मला सांग. वर नको सांगू."

कॉलेजातून डॉ. बर्डे सरांनी तिला एक टॅब्लेट दिला होता. प्रत्येक भेटीनंतर त्यात बोलून नोंद करायची, म्हणजे डूल त्या त्या बाईपुरता नीट बेतता येतो. टॅब्लेट गोड आवाजात एकच प्रश्न विचारायचा: यांना सर्वांत जास्त त्रास कशाचा होतो?

मोनाली जगदाळेच्या बाबतीत उत्तर सोपं होतं.

मोनालीचा गुन्हा नळावरचा होता. चाळीत पाणी आलं होतं, भांडण झालं, तिने शेजारणीला ढकललं, आणि शेजारीण पायऱ्यांवर अशी पडली की उठलीच नाही. नवरा आधीच सोडून गेलेला. मुलगी शिवन्या आजीकडे राहिली. मग आजी गेली आणि शिवन्या बालगृहात गेली, आणि ते कळलं त्या आठवड्यात मोनालीने ओढणी खिडकीच्या गजाला बांधली. आपांनी पाय धरून तिला उचलून धरलं आणि ओरडत राहिल्या, म्हणून ती वाचली. त्यानंतर लगेच तिच्या कानात डूल आला. तेव्हा डुलाला शिव्या देण्याआधी हेही लक्षात ठेवलं पाहिजे. डूल नसता तर पुढच्या खेपेला मोनाली वाचली नसती.

"मॅडम, मी काय बोलू?" पहिल्या भेटीत तिने विचारलं.

"मला मॅडम नका म्हणू हो. तुमच्यापेक्षा किती लहान आहे मी."

"मग ताई म्हणते. इथं लहान-मोठं कोण बघतंय?"

"शिवन्याबद्दल सांगा."

मोनालीचा चेहरा चुरगळला. छाती एकदा जोरात वर गेली, आणि मग डुलाने आपलं काम केलं. ती निवळली. डोळ्यांत आलेलं पाणी तिथेच थांबलं आणि तिने ते अशा सहजपणे पुसलं, जसं काही कांदा चिरताना आलं होतं.

रेवाला पुस्तकात शिकवलं होतं की जे दुखतं ते बोलायला लावावं. बोललं की निचरा होतो. तिने मनापासून तसं केलं. दर भेटीत शिवन्या. शिवू भेंडी खात नाही. शिवू झोपताना वेणीची रिबीन चघळते. शिवू आईला लाडात आली की 'चिमणाबाई' म्हणते, आणि हे नाव मोनालीने आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. रेवाने ते जपून टॅब्लेटला सांगितलं. रिबीनही सांगितली.

एकदा मोनाली म्हणाली, "आमची एक गंमत होती, ताई. ती चालायला लागली तेव्हा पडली की आधी रडायची नाही. आधी माझ्या तोंडाकडे बघायची. लागलंय का नाही, ते जसं काही माझ्या तोंडावर लिहिलंय! मग मीच भोकाड पसरायचे, 'आई गं, माझा गुडघा!' की ती उठून यायची आणि माझा गुडघा फुंकायची. स्वतःचं विसरूनच जायची."

"भारीच."

"मग तीच सवय पडली. मोठी झाली तरी. कुठं लागलं की यायची, दाखवायची आणि म्हणायची, 'रड.' मला बाई खरंच यायचं रडू. आधी नाटक असायचं, नंतर तिनं नुसतं रड म्हटलं तरी यायचं."

हे सांगताना ती हसत होती. आवाज सरळ होता. दोन-तीन महिन्यांपूर्वी 'शिवन्या' हे नावसुद्धा तिला पुरं उच्चारता येत नव्हतं. रेवा त्या दिवशी घरी गेली ती तरंगतच. बर्डे सरांना तिने आलेख पाठवला, सरांनी अंगठा पाठवला. खाली लिहिलं, 'उत्कृष्ट. हीच केस सादरीकरणाला घे.'

मोनालीने मात्र एकदा विचारलं होतं. "ताई, तिचं नाव घेतलं की आता गार वाटतं. माठाला हात लावल्यासारखं. हे बरोबर आहे ना?"

"म्हणजे त्रास होत नाही, असंच ना?"

"त्रास नाही होत."

"मग चांगलंच आहे की!" रेवा म्हणाली.

आपा दारात तंबाखू मळत उभ्या होत्या. तुरुंगात तंबाखूला बंदी आहे, म्हणून त्या ती आहे असं समजून नुसताच तळवा मळायच्या. "पोरी, परवा मालिकेत ती सून मेली," त्या म्हणाल्या. "गुणी होती बिचारी. मी मुद्दाम पदर हातात धरून बसले. कोरडा तो कोरडाच. इस्त्री करून ठेवण्यासारखा."

मोनाली हसली. रेवाही हसली.

गळाभेटीची तारीख लागली ती उन्हाळ्यात. गळाभेट हा तुरुंगातला एकमेव सण. एरवी मुलं काचेपलीकडून फोनवर बोलतात. त्या दिवशी काच नसते. मुलं आत येतात, आईला मिठी मारतात, मांडीवर बसून लाडू खातात. मोनालीला आजवर हे मिळालं नव्हतं, कारण आणणारं कुणी नव्हतं. या वेळी बालगृहच शिवन्याला आणणार होतं, आणि त्याला कारणही तसंच होतं. बंगळुरूच्या एका जोडप्याने तिला दत्तक मागितलं होतं. माणसं चांगली होती, शिवन्या सुट्टीत त्यांच्याकडे राहूनही आली होती. आईची संमती आणि मुलीची इच्छा, दोन्ही लागणार होतं. मोनालीने बालकल्याण समितीला सांगितलं होतं, "पोरगी म्हणेल तसं." आणि पोरगी म्हणाली होती, "आईला भेटून सांगते."

"एकदा गेली की गेली, ताई," मोनाली म्हणाली. "नाव बदलतं. मी सुटेन तोवर ती कानडीत स्वप्नं बघत असेल."

"तुम्हाला काय हवंय?"

"मला माझी पोरगी पाहिजे." हे तिने 'मला अर्धा कप चहा चालेल' अशा आवाजात सांगितलं. तिचं तिलाच ते ऐकू आलं असावं. तिने कानाला हात लावला. "त्या दिवशी हे काढायला सांगा ना. ती माझ्या तोंडाकडे बघणार. तिला तोंडावरूनच कळतं."

नलावडे मॅडमनी आधी नियम सांगितला, मग धोका सांगितला, मग ढालीकडे बघितलं.

"आणि तिने काही केलं तर? आपांना काय रोज रोज पाय धरायला बसवू?"

"एका दुपारचा प्रश्न आहे, मॅडम. मी तिच्या शेजारी बसते."

"तू मानसशास्त्र शिकलीस ना? मग सांग, ती पोर निर्णय कशावर घेणार? बंगळुरूला स्वतंत्र खोली आहे, सायकल आहे. इथे काय आहे?"

"आई."

नलावडे मॅडमनी डबा उघडला, बंद केला. "लेखी देते," त्या म्हणाल्या. "डूल काढल्याची नोंद होईल, समितीलाही जाईल. उद्या कुणी म्हणायला नको, की यंत्र लावून आईला गप्प बसवलं."

रेवाने त्यांचे आभार मानले. त्या कागदावर आपलीच मान ठेवली जातेय, हे कळायला तिला एक दुपार जावी लागली.

गळाभेटीच्या दिवशी प्रार्थना सभागृहात जाजम अंथरलं होतं, फुगे लावले होते, आणि 'मायेची मिठी' अशा अक्षरांचा फलक होता. खात्याचा फोटोवाला आला होता. मुलं आत सोडली आणि ती धावत सुटली.

मग एक विचित्र गोष्ट झाली. विचित्र म्हणजे, दर वेळी होत असणार, पण रेवा पहिल्यांदाच बघत होती. मुलं रडत होती. सगळीच, पाच वर्षांची, बारा वर्षांची, मिसरूड फुटलेली. आणि त्यांच्या आया, डाव्या कानात डूल घातलेल्या, त्यांच्या पाठीवरून एकसारखा हात फिरवत छतावरच्या पंख्याकडे बघत होत्या. अगदी प्रसन्न. फोटोवाला म्हणत होता, "ताई, जरा इमोशनल," आणि त्या त्याच्याकडे बघून मान डोलवत होत्या.

मोनालीचा डूल नलावडे मॅडमनी स्वतः काढला. कानाच्या खळग्यात एक पांढरा डाग उरला होता. मोनालीने वेणी नीट केली, साडीचा पदर नीट केला, आणि दाराकडे तोंड करून बसली.

शिवन्या धावली नाही. ती चालत आली. दहा वर्षांची, उंच झालेली, दोन घट्ट वेण्या. त्या कुणा दुसऱ्याच हाताच्या होत्या. मोनालीच्या ते बरोबर लक्षात आलं. भांग डावीकडून पाडलाय, हेही आलं. पुढचा एक दात नवा आलाय, बुटाची नाडी चुकीच्या भोकातून ओवलीय, सगळं आलं. सगळं दिसलं. ती आतून काही यायची वाट बघत राहिली.

"आई," शिवन्या म्हणाली आणि मिठीत शिरली.

मोनालीने तिला जवळ घेतलं. हातांना आठवत होतं, त्यांनी बरोबर जागी पाठ थोपटली. रेवा शेजारी बसली होती. तिने मोनालीच्या गळ्याकडे बघितलं, जिथे नाडी दिसते. नाडी दुपारी झोपलेल्या माणसासारखी चालली होती.

कानात डूल नव्हता. पण डुलाने आता यायची गरजच उरली नव्हती.

पहिल्या वर्षाच्या पहिल्या धड्यात असतं ते. घंटा वाजवायची, कुत्र्याला खाऊ द्यायचा. रोज. मग एक दिवस खाऊ द्यायचा नाही, नुसती घंटा वाजवायची, तरी कुत्र्याला लाळ सुटते. रेवाला त्या धड्यात पैकीच्या पैकी मार्क होते. शिवन्या म्हटलं की शांत. शिवू म्हटलं की शांत. रिबीन, भेंडी, चिमणाबाई. दर भेटीत, मायेने, न चुकता. घंटा रेवा वाजवत होती.

शिवन्या मिठीतून मागे सरली. तिने आईच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग तिने फ्रॉकची बाही वर केली. कोपराजवळ लांबट व्रण होता, टाक्यांच्या खुणा अजून लालसर.

"गेटचा पत्रा लागला," ती म्हणाली. "खूप रक्त आलं होतं."

मोनालीने व्रणावर बोट ठेवलं.

शिवन्या अजून तिच्या तोंडाकडेच बघत होती. तिने आवाज अगदी बारीक केला, आजूबाजूच्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. ती मोठी झाली होती, तिला लाज वाटत होती. "रड ना," ती म्हणाली.

मोनालीला कळलं. आपल्याला काय करायचंय, ते तिला नेमकं माहीत होतं. तिने तोंड वाकडं केलं, दोन्ही हात कोपराला लावले. "आई गं," ती म्हणाली, "माझा हात!" आकाशवाणीवर बाजारभाव सांगतात, तसं म्हणाली.

ती पुन्हा म्हणाली, "आई गं, माझा हात." जोरात. शेजारच्या बायकांनी वळून बघितलं. तिने डोळे चोळले. डोळे कोरडे होते आणि चोळून लाल झाले, एवढंच. "थांब हं," ती शिवन्याला म्हणाली. "येईल. थांब."

"राहू दे," शिवन्या म्हणाली. तिने बाही खाली केली, बटण लावलं. "आता दुखत नाही."

मग ती आईच्या शेजारी, मांडीवर नाही, शेजारी बसून लाडू खात राहिली. पडलेला चुरा तिने कागदात गोळा केला, बंगळुरूच्या काकूंनी शिकवलं असावं. "तू बरी आहेस ना?" तिने विचारलं.

"बरी आहे, बाळा."

"जेवण देतात ना नीट?"

"देतात."

"मग ठीक आहे," शिवन्या म्हणाली. म्हाताऱ्या माणसाने सुटकेचा श्वास टाकावा, तसा तिने टाकला.

समितीच्या बाई सभागृहाबाहेर एका टेबलाशी बसल्या होत्या. शिवन्या त्यांच्यासमोर उभी राहिली. "मी जाईन काका-काकूंकडे," ती म्हणाली. "मला वाटलं होतं आई रडेल. ती रडली असती तर मी थांबले असते. पण आई बरी आहे. तिला चालेल."

रेवा मध्ये पडली. "मॅडम, असं नाहीये. तिला चालणार नाही. तो डूल..."

समितीच्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी कागद पुन्हा नीट वाचला. "डूल तर काढला होता ना? तुमच्याच विनंतीवरून?"

"हो, पण..."

"मग हे त्यांचं स्वतःचंच ना?"

रेवाने शिवन्याकडे बघितलं. या मुलीला वेगस समजावून सांगायचा होता. भटक्या मज्जातंतू, कानाचा खळगा, घंटा आणि कुत्रा. ती गुडघ्यांवर बसली. "शिवन्या, आईला खूप वाटतं गं तुझं. फक्त ते तिला बाहेर..."

"माहितीये," शिवन्या समजूतदारपणे म्हणाली. मोठ्या माणसांची मनं राखायची तिला सवय होती. "बालगृहातल्या ताईंनी सांगितलंय. सगळ्यांच्या आयांना वाटतं."

बर्डे सर फोनवर इतके खूश झाले, की त्यांचा आवाज चिरका झाला. "उपकरण काढल्यावरही परिणाम टिकून? रेवा, तुला कळतंय का हे काय आहे? डुलाशिवाय शांतता! आपण याच्यावर पेपर..."

"सर, हे उलटवता येईल का?"

"तत्त्वतः, हो. डूल काढून ठेवायचा आणि पुन्हा पुन्हा त्या आठवणींकडे न्यायचं. सवय जशी लागते तशी सुटते. पण महिने जातील, आणि तिचा इतिहास बघता डूल काढायला परवानगी देणार कोण? शिवाय कशासाठी? पेशंटला काही त्रास होतोय का?"

"नाही, सर."

"मग?"

रेवाने फोन ठेवला.

नलावडे मॅडमनाही तिने विचारलं. त्यांनी ऐकून घेतलं, सगळं. मग ढाल उचलून कपाटात ठेवली आणि कपाटाला किल्ली लावली. "मी वर पाठवते," त्या म्हणाल्या. "उत्तर येईल. पोरगी गेल्यावर येईल." संध्याकाळच्या मोजणीला त्यांनीच मोनालीच्या कानात डूल परत घातला. घालताना त्यांनी तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. त्यांच्या कानात काही नव्हतं.

संमतीच्या कागदावर मोनालीने सही केली, सुवाच्य. पोरगी म्हणेल तसं, असं ती म्हणाली होती, आणि शब्दाची ती पक्की होती.

रेवाचा शेवटचा दिवस आला तेव्हा मोनाली शिवणखात्यात उशांचे अभ्रे शिवत होती. दुपार होती, बाकीच्या जेवायला गेल्या होत्या. आपा दारात तळवा मळत बसल्या होत्या, आणि रेवा आत शिरल्यावर त्या न बोलता उठून बाहेर गेल्या.

"गेली का हो?" मोनालीने यंत्र थांबवून विचारलं.

"काल सकाळी."

"मी दिलेली रिबीन पोचवलीत?"

"पोचवली. अर्धी अर्धी करून दोन्ही वेण्यांना बांधून घेतली तिने."

मोनालीने मान हलवली. अभ्र्याची शिवण बोटाने दाबून सरळ केली. "ताई, एक विचारू? हे वाईट झालं ना?"

"हो."

"खूप?"

"खूप वाईट झालं."

"मला कळतंय तसं," मोनाली म्हणाली. "सगळं कळतंय. ती गेली, आता परत यायची नाही, माझ्यामुळं गेली, हे मला गणितासारखं येतंय. पण इथं..." तिने छातीवर हात ठेवला आणि कुठे काही सापडतंय का ते चाचपल्यासारखं केलं. "इथं माठ ठेवलाय कुणीतरी. रात्री झोपसुद्धा लागली हो मला. स्वतःला आई म्हणायची लाज वाटते."

रेवाचा हात कानाच्या मोकळ्या पाळीकडे गेला.

"तुमच्या कानात काही नाही ना?" मोनालीने विचारलं.

रेवाने मान हलवली. नाही.

मोनालीने स्टूल जवळ ओढलं, समोर बसली. आपल्या ब्लाउजची बाही वर केली आणि कोपर पुढे केलं. तिथे व्रण नव्हता, काहीच नव्हतं, धुवून धुवून रखरखीत झालेली कातडी होती. ते कोपर तिने रेवाच्या पुढ्यात धरलं.

"रडा ना," ती म्हणाली.

रेवाचा बांध फुटला तो असा, की बाहेर आपांनी वळून बघितलं. ती रडली, नाक वाहेपर्यंत, उचक्या लागेपर्यंत, समुपदेशकाने कधीही रडू नये असं पुस्तकात जितकं लिहिलंय तितकं सगळं रडली. आणि मोनाली तिच्या तोंडाकडे बघत राहिली, डोळ्याची पापणी न हलवता, नुकतंच पडलेलं मूल बघतं तशी. आपल्याला किती लागलंय, ते आता कळेल म्हणून.